नाकावरचा चिमटा

माझ्या उशाशी पुस्तकांच्या दोन चळती असतात. एकीत रहस्यकथांच्या मालिका: मिस मार्पल, बोट्सवानातल्या रामोत्स्वे बाई, रिचर्ड ऑस्मनचे सत्तरी ओलांडलेले गुप्तहेर. दुसरीत डाऊन सिंड्रोमवरची पुस्तकं. बरीचशी आईबापांनी लिहिलेली, काही डॉक्टरांनी आणि इतिहासकारांनी, आणि अगदी थोडी डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांनी स्वतः लिहिलेली. माझा धाकटा भाऊ ४६ वर्षांचा आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे आणि आई गेल्यापासून तो माझ्याकडे राहतो. त्यामुळे दुसरी चळत कशासाठी, हे मला कुणी विचारत नाही. पहिलीबद्दल मात्र विचारतात. घरात एवढं असताना खुनाच्या गोष्टी कशाला? बरीच वर्षं मी सांगायचे, डोकं हलकं व्हावं म्हणून. आता तसं म्हणवत नाही. माझ्या भावाबरोबर कसं जगायचं हे मला पहिल्या चळतीनं जेवढं शिकवलं, तेवढं दुसरीतल्या निम्म्या पुस्तकांनी शिकवलेलं नाही.

या रहस्यकथांना इंग्रजीत 'कोझी' म्हणतात. पावसाळी रात्री गोधडी ओढून वाचाव्यात अशा. खून होतो, पण रक्ताचं थारोळं पानावर येत नाही. जागा लहान असते, एखादं खेडं किंवा निवृत्तांची वसाहत. शोध लावणाऱ्या माणसाकडे पिस्तूल नसतं, वर्दी नसते; वेळ असतो आणि शेजारपाजारची खडान्‌खडा माहिती असते. माझे वडील बाबूराव अर्नाळकरांचे भक्त. झुंजार आणि काळा पहाड ऐकत वाढलेल्या मला मिस मार्पल सुरुवातीला अगदीच अळणी वाटली होती. १९२७ साली ती एका कथेत आली आणि १९३० साली 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज' या कादंबरीत. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यातली अविवाहित म्हातारी, हातात विणकाम. कुणी संशयास्पद वागलं की तिला गावातला कुणीतरी आठवतो: हा आमच्या त्या अमक्यासारखा वागतोय, आणि तो अमका तेव्हा असं का वागला होता? माणूस ओळखायचा तर त्याच्याकडे फार वर्षं बघत राहावं लागतं, एवढंच तिचं शास्त्र.

रात्री जेवणं झाली की मी भावाला एक प्रकरण वाचून दाखवते. पुस्तक इंग्रजी आणि वाचन मराठी, तिथल्या तिथे उलटं करत. तो पलंगाच्या कडेवर बसतो, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसून डोळ्यांवर ठेवतो आणि ठरलेला प्रश्न विचारतो, "आज कोण कोण आलंय?" खून कुणी केला हे त्यानं आजवर एकदाही विचारलेलं नाही. चहाला काय होतं, मांजर परत आलं का, मागच्या पुस्तकातली ती मोलकरीण अजून तिथंच काम करते का, हे त्याचे प्रश्न.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही 'अ पॉकेट फुल ऑफ राय' वाचत होतो. अगाथा ख्रिस्तीची १९५३ सालची कादंबरी. एक पैसेवाला माणूस विषानं मरतो, पाठोपाठ त्याची तरुण बायको, आणि त्याच घरात ग्लॅडिस नावाची कामाची मुलगी. ग्लॅडिस अनाथाश्रमात वाढलेली, भोळी, बुद्धीनं बेताची, कुणी दोन शब्द गोड बोललं की भाळणारी. तिला घरकाम शिकवलेलं असतं मिस मार्पलनं. या ग्लॅडिसचा गळा आवळलेला देह बागेत कपड्यांच्या दोरीपाशी सापडतो, आणि खुन्यानं जाताना तिच्या नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला असतो. एका जुन्या बालगीतात पाखरू मोलकरणीचं नाक टोचून नेतं. त्या गीताशी मेळ बसावा म्हणून.

आमच्या घरी दोरीवरचे कपडे काढणं हे भावाचं काम आहे. आईनं त्याला ते दहाव्या वर्षी लावून दिलं. तो एकेक चिमटा सोडवून लाल टोपलीत टाकतो आणि मोठ्यानं मोजतो. चिमटे ३२ आहेत. एक कमी भरला तर चपला घालून खाली जातो आणि कुंड्यांच्या मागून शोधून आणतो. उन्हानं ठिसूळ झालेला एखादा मोडला तर त्याचे दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर आणून ठेवतो आणि मी नवा आणेपर्यंत रोज आठवण करतो. मी ते वाक्य वाचलं तेव्हा तो उठून उभा राहिला.

"नाकावरचा चिमटा काढला का कुणी?"

मी म्हटलं, "काढला असेल. पोलिसांनी."

"लिहिलंय का? ताई, बघ ना, लिहिलंय का?"

त्या रात्री पुढचं प्रकरण वाचताना मिस मार्पल त्या घरी का येते हे मला नव्यानं दिसलं. तिला कुणी बोलावलेलं नसतं. मेलेल्या श्रीमंत माणसाशी तिचं काही देणंघेणं नसतं. ती गाडीत बसून येते ती ग्लॅडिससाठी, आणि तिला सर्वांत जास्त खुपतं ते चिमट्याचं. खून करणाऱ्यानं खून केला. पण एका भाबड्या पोरीची मेल्यावरही टवाळी केली, ती कुणी गणतीतच नसल्यासारखी. एवढ्या पुस्तकांत या मवाळ म्हातारीला इतकं संतापलेलं मी क्वचितच पाहिलं आहे. कादंबरीच्या शेवटी तिला ग्लॅडिसचं पत्र मिळतं, उशिरा पोचलेलं. काय करावं ते समजत नाही, तुम्ही मदत करा, अशा अर्थाचं. सोबत एक फोटो. पुरावा त्या फोटोतच असतो. सबंध पुस्तकात जिला सगळ्यांनी मठ्ठ ठरवलं, तिनं सत्य आधीच पाकिटात घालून पाठवलेलं होतं.

ख्रिस्तीची बाजू मी फार ओढणार नाही. ग्लॅडिसचा चेहरा, तिचं बोलणं, तिचा मंदपणा यांवर तिची लेखणीही अधूनमधून हसतेच. ग्लॅडिसला डाऊन सिंड्रोम नव्हता हेही खरं. पण घरातल्या माणसांनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर मला चांगली ओळखीची आहे. ती समोर असताना तिच्याबद्दल तिसऱ्याशी बोलायचं. बसमध्ये, बँकेत, लग्नकार्यात भाऊ शेजारी उभा असताना लोक मला विचारतात, "याला चहा चालतो का?"

याच लेखिकेची नऊ वर्षांनंतरची 'द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड' घ्या. इथे शेवट सांगावाच लागणार. ज्यांना ती वाचायची असेल त्यांनी पुढचं थोडं सोडून द्यावं. मरीना ग्रेग ही नामवंत नटी सेंट मेरी मीडला राहायला येते. तिला मुलाची जन्मभर आस असते. अखेर दिवस जातात, पण त्याच सुमारास तिला जर्मन गोवर होतो आणि मूल मतिमंद जन्मतं. कित्येक वर्षांनी एका समारंभात गावातली एक उत्साही बाई तिला अभिमानानं सांगते की, अंगावर पुरळ असतानाही मी तोंडावर रंग थापून तुमची सही घ्यायला आले होते. नटीला त्या क्षणी कळतं की आजार कुठून आला. खुनाचं कारण ते. गर्भावर होणारा जर्मन गोवराचा हा परिणाम नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञानं १९४१ साली दाखवून दिला होता. नटीचं आडनावही ग्रेगच आहे. रचना अशी चोख की मान डोलवावी. पण मी ती तिसऱ्यांदा वाचली तेव्हा मला एकच विचारावंसं वाटलं: ते मूल कुठे आहे? ते एका संस्थेत आहे, एवढंच कळतं. पुस्तकभर ते आपल्याला दिसत नाही. ते फक्त खुनाचं कारण आहे. मिस मार्पल ग्लॅडिससाठी धावली, कारण ग्लॅडिस तिच्या स्वयंपाकघरात वावरली होती. या मुलाला तिनं पाहिलंच नव्हतं.

आणि ती पाहणार तरी कुठे? जॉन लँगडन डाऊन यांनी या अवस्थेचं पहिलं नेमकं वर्णन १८६६ साली केलं. तेव्हा ते सरे परगण्यातल्या अर्ल्सवूड आश्रमाचे प्रमुख होते. त्यांनी आपल्याकडच्या मुलांची वंशांप्रमाणे वर्गवारी केली आणि त्यातूनच 'मंगोल' हा शब्द पुढं शंभर वर्षं चिकटला. माणूस त्या काळाच्या मानानं दयाळू. १८६८ साली त्यांनी काढलेल्या नॉर्मन्सफील्ड या संस्थेत पुढे मुलांसाठी नाट्यगृहसुद्धा बांधलं. पण ती संस्था होती. १९१३ साली इंग्लंडात कायदाच झाला आणि मंदबुद्धी ठरलेल्या माणसांना अशा ठिकाणी नेऊन ठेवण्याची सोय सरकारी झाली. सेंट मेरी मीडमध्ये पाद्री आहे, डॉक्टर आहे, निवृत्त कर्नल आहे, भोचक म्हाताऱ्या आहेत. माझ्या भावासारखा कुणीही नाही. कुठल्याही खऱ्या खेड्यात असा एखादा असतोच, कारण साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल डाऊन सिंड्रोम घेऊन येतं. तो या गावात नाही, याचं कारण त्याला गावाबाहेर नेलं होतं. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ साली रहस्यकथेवर एक निबंध लिहिला. रहस्यकथेतलं गाव ही निष्पाप बाग असते, खुनानं ती डागाळते, गुन्हेगार बाहेर काढला की बाग पुन्हा निर्मळ होते, आणि वाचकाला ओढ असते ती त्या निर्मळपणाची, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. पण खून होण्याआधीची ती बाग कुणाकुणाला बाहेर काढून निर्मळ झाली होती, हेही विचारलं पाहिजे.

हा प्रश्न फक्त इंग्लंडातल्या खेड्याचा नाही. बालकाच्या वाढीच्या अवस्थांवर ज्यांचं नाव जगभरच्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत येतं, त्या एरिक एरिक्सनना १९४४ साली डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत पाठवलं आणि घरातल्या बाकीच्या मुलांना सांगितलं की बाळ जन्मताच गेलं. नाटककार आर्थर मिलर यांचा मुलगा डॅनिएल १९६६ साली जन्मला. त्यालाही संस्थेत ठेवलं. मिलर यांनी १९८७ साली जाडजूड आत्मचरित्र लिहिलं, त्यात डॅनिएलचं नाव नाही. सामान्य माणसाच्या सदसद्विवेकावर ज्यानं एवढी नाटकं लिहिली, त्याच्या पुस्तकातली ही रिकामी जागा वाचताना मला राग येतो आणि रागामागून भीतीही वाटते. इतक्या शहाण्या माणसांना जे जमलं नाही ते माझ्या आईला कसं जमलं असेल? फ्रान्सच्या द गॉल दांपत्यानं मात्र डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला, अ‍ॅनला, ती १९४८ साली विसाव्या वर्षी जाईपर्यंत, घरातच वाढवलं. म्हणजे काळ सगळ्यांचा तोच होता.

आईला १९७९ साली एका इस्पितळाच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी सांगितलं, मंगोल आहे, दहा-बारा वर्षं जगेल, फार जीव लावू नका. हे तिनं मला सांगितलं ते भावाचा पस्तिसावा वाढदिवस झाल्यावर, शेंगा सोलता सोलता. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. अमेरिकेतसुद्धा १९८३ साली या माणसांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं; आज ते साठीला टेकलं आहे. निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि त्यावरची शस्त्रक्रिया आता होते. संस्थांमधली हेळसांड संपत गेली, हे दुसरं मोठं कारण. त्या डॉक्टरांना पुढच्या ४० वर्षांची कल्पना नव्हती. पण जीव लावू नका हे वैद्यकशास्त्राचं वाक्य नव्हतं.

आता दुसऱ्या चळतीकडे येते. 'अ पॉकेट फुल ऑफ राय' ज्या वर्षी आली, त्याच १९५३ साली अमेरिकेत 'एंजल अनअवेअर' हे छोटं पुस्तक निघालं आणि अफाट खपलं. लेखिका डेल इव्हान्स रॉजर्स, पडद्यावरची नटी. तिची मुलगी रॉबिन डाऊन सिंड्रोम घेऊन १९५० साली जन्मली आणि दुसरा वाढदिवस येण्याआधी गेली. पुस्तकात रॉबिन स्वर्गात देवाला आपल्या छोट्या मुक्कामाची हकिकत सांगते. ज्या काळात अशी मुलं लपवली जात, त्या काळात एका प्रसिद्ध बाईनं आपल्या मुलीचं नाव घेऊन लिहिलं, ही लहान गोष्ट नव्हे. त्या पुस्तकानं कितीतरी आईबापांना दाराआडून बाहेर काढलं असेल. तरीही ते माझ्या घशाखाली उतरत नाही. एकाच वर्षीच्या या दोन पुस्तकांत दोन मेलेल्या मुली शेवटी बोलतात. रॉबिन बोलते ती आईची वाक्यं. ग्लॅडिस मात्र स्वतःच्या अडखळत्या शब्दांत बोलते आणि ती मदत मागते. देवदूत मदत मागत नाहीत. आपल्याकडे 'देवाघरचं लेकरू' म्हणतात, किती मायेनं म्हणतात! शेजारच्या काकू अजून म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण देवाघरच्या लेकराला पॅनकार्ड लागत नाही, दाढी करायला शिकवावी लागत नाही, त्याला मैत्रीण असावीशी वाटत नाही. माझ्या भावाला वाटतं.

जिवंत माणसाचा स्वतःचा आवाज छापून यायला आणखी १४ वर्षं लागली. 'द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट' हे पुस्तक १९६७ साली इंग्लंडमध्ये निघालं. नायजेलला काही शिकवता येणार नाही, असं त्याच्या आईवडिलांना सांगण्यात आलं होतं. आईनं त्याला अक्षरांचे उच्चार शिकवत वाचायला लावलं, आणि पुढे त्यानं टंकयंत्रापुढे बसून आपलं पुस्तक स्वतः बडवून काढलं. प्रवास, गर्दी, गाणी, जेवणं, वाटेत काय झालं ते. कारण, अर्थ, शिकवण यांच्या भानगडीत तो पडत नाही. कोण आलं, काय खाल्लं, पुढे कुठे गेलो. मी ते वाचत होते आणि मला सारखा भावाचा प्रश्न ऐकू येत होता: आज कोण कोण आलंय?

इथे मला जे म्हणायचं आहे ते म्हणते. डाऊन सिंड्रोमवरची आईबापांची बहुतेक पुस्तकं एकाच पुस्तकात संपणाऱ्या रहस्यकथेच्या बांध्यावर उभी आहेत. सुरुवातीला आघात: डॉक्टर गंभीर, खोलीत शांतता. मग शोध: हे का झालं, चूक कुणाची, याचा अर्थ काय? आणि शेवटच्या प्रकरणात उलगडा: हे मूल आम्हाला काहीतरी शिकवायला आलं होतं. मूल दोनतीन वर्षांचं असताना प्रकरण बंद होतं, पुस्तक मिटतं. एमिली पर्ल किंग्जली यांचा 'वेलकम टू हॉलंड' हा १९८७चा छोटा लेख जगभरच्या नव्या आईबापांच्या हातात दिला जातो: इटलीला जायला निघालात आणि विमान हॉलंडला उतरलं, तर हॉलंडही सुंदर आहे. मला तो कुणीतरी फोटोकॉपी करून दिला होता आणि पहिल्यांदा वाचताना मी रडले होते. पण विमानातून उतरल्यावर लागणारी ४० वर्षं त्या पानात मावत नाहीत. किंग्जली बाईंना ते ठाऊक असणार, कारण त्यांच्याच मुलानं, जेसननं, मित्र मिचेल लेविट्झबरोबर १९९४ साली 'काउंट अस इन' हे पुस्तक केलं. दोन तरुण गप्पा मारतात: नोकरी, मुली, राजकारण, आपलं अपंगत्व. जन्माच्या वेळी ज्या डॉक्टरनं याला संस्थेत टाका म्हणून सांगितलं, त्यालाही जेसन उत्तर देतो. आईचं पान लाखो लोकांनी वाचलं. मुलाचं पुस्तक माझ्या ओळखीच्या एकाही घरात नाही.

खरं तर उलगडा कधीच झालेला आहे. १९५९ साली पॅरिसमध्ये कळलं की या मुलांच्या पेशींत ४६ऐवजी ४७ गुणसूत्रं असतात, २१व्या क्रमांकाचं एक जास्तीचं. पेशी वाढवण्याचं किचकट काम मार्त गोतिए या तरुण डॉक्टरणीनं केलं आणि श्रेय दीर्घकाळ एकट्या जेरोम लेजन यांना मिळालं, तो अन्याय वेगळाच. तर 'कुणी केलं' याचं उत्तर मिळालं: कुणीच नाही, पेशी विभागताना झालेली चूक. आईच्या मागचं शुक्लकाष्ठ, ग्रहणात काय कापलंस, कुणाचा तळतळाट घेतलास, ते शास्त्रानं तरी कायमचं सोडवलं. पण हे कळल्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला उठून काय करायचं ते कळत नाही. त्यासाठी मालिका लागते.

मालिकेतली माणसं परत येतात. ती न बदलता येतात किंवा थोडी थोडी बदलत येतात, आणि कुणीही त्यांच्याकडे अर्थ मागत नाही. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांची गाबोरोनची गुप्तहेर प्रेशस रामोत्स्वे १९९८ साली पहिल्यांदा आली. दुसऱ्या पुस्तकात तिचा होणारा नवरा, गॅरेजवाला मातेकोनी, अनाथाश्रमातून दोन भावंडं घरी आणतो, तिला न विचारता. त्यातली मोठी मोथोलेली चाकांच्या खुर्चीत असते. पुढच्या पुस्तकांत ती काय करते? गॅरेजमध्ये इंजिनं शिकते. कधी एखाद्या प्रकरणात ठळक येते, कधी नुसती जेवायला बसलेली दिसते. ती कुणाच्या खुनाचं कारण होत नाही आणि देवदूतही होत नाही. घरातलं माणूस असं असतं. दुसऱ्या चळतीत याच्या सर्वांत जवळ जातात मायकेल बेरुबे या प्राध्यापकाची दोन पुस्तकं. पहिलं १९९६चं, 'लाइफ अ‍ॅज वी नो इट', मुलगा जेमी लहान असतानाचं. दुसरं बरोबर २० वर्षांनी, जेमी मोठा झाल्यावर: 'लाइफ अ‍ॅज जेमी नोज इट'. पहिल्या नावात 'आम्ही' आहोत, दुसऱ्यात जेमी. एका बापाला २० वर्षांत जे उमगलं ते त्या एका शब्दाच्या बदलात आहे, आणि दुसरा भाग लिहिल्याशिवाय ते दिसलंच नसतं.

कुणी म्हणेल, ही पळवाट आहे. एडमंड विल्सन या मोठ्या समीक्षकानं १९४५ सालीच रहस्यकथांच्या वाचकांना झोडपलं होतं. ऑस्मनचा 'द थर्सडे मर्डर क्लब' २०२० साली आला तेव्हा मलाही ती नुसती गोड गोष्ट वाटली. पण त्यात त्या सत्तरीतल्या गुप्तहेरांपैकी एलिझाबेथचा नवरा स्टीफन आहे. त्याला विस्मरणाचा आजार आहे. तो बोग्दान नावाच्या बांधकाम कामगाराबरोबर बुद्धिबळ खेळतो आणि बायको त्याचा आजार जगापासून, थोडा स्वतःपासूनही, लपवते. पहिल्या पुस्तकात ही बाजूची गोष्ट असते. दुसऱ्यात, तिसऱ्यात स्टीफन थोडा थोडा निसटत जातो, आणि २०२३च्या चौथ्या पुस्तकापर्यंत येताना खुनांकडे माझं लक्षच राहिलं नव्हतं. मी ती चारही पुस्तकं स्टीफनसाठी वाचली. डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसांना विस्मरणाचा धोका इतरांपेक्षा फार मोठा असतो आणि तो फार लवकर येतो. अल्झायमरमध्ये मेंदूत जे प्रथिन साचतं, त्याचा जनुक नेमका २१व्या गुणसूत्रावर आहे. यांच्याकडे त्याची एक प्रत जास्त. चाळिशीनंतर लक्ष ठेवा, थायरॉइड तपासत राहा, असं आमचे डॉक्टर सांगतात. मी लक्ष ठेवते. गेल्या काही महिन्यांत चिमटे मोजताना तो कधी कधी २९वर थांबतो, टोपलीकडे बघतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात करतो. याबद्दल मला जे धैर्य हवं होतं ते वैद्यकीय पुस्तिकेत नव्हतं, ते त्या गोड मालिकेत होतं: बोग्दान येतो, पट मांडतो, आज स्टीफनला जेवढं आठवतंय तेवढ्यावर डाव सुरू होतो.

मराठीत आपण कुठे आहोत? जयवंत दळवींच्या 'नातीगोती'नं मतिमंद मुलाच्या आईबापांची दमछाक रंगभूमीवर आणली, आणि ते नाटक बघून आमच्या ओळखीची दोन कुटुंबं पहिल्यांदा आमच्याशी मोकळेपणानं बोलली. २०१४च्या 'येलो'मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतः पडद्यावर आली. आई तो चित्रपट बघून थिएटरात टाळ्या वाजवत उभी राहिली होती. मला आता याच्या पुढचं हवं आहे. मराठी रहस्यकथांची एखादी मालिका हवी, एखाद्या वाड्याची, चाळीची किंवा सोसायटीची, जिथे माझ्या भावासारखा एक माणूस दुसऱ्या मजल्यावर राहतो. रोज संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला जातो म्हणून कोण कधी आलं-गेलं हे त्याला ठाऊक असतं. पहिल्या पुस्तकात त्याला कुणी विचारत नाही. तिसऱ्या पुस्तकात विचारतात. आठव्यात तो पन्नाशीचा असतो आणि पूर्वीसारखं त्याला आठवत नाही. आणि त्यानं सांगितलेलं खरं ठरलंच पाहिजे अशी माझी अट नाही. तो पुढच्या पुस्तकात असावा, एवढीच आहे.

नायजेल हंटबद्दल मी भावाला सांगितलं तेव्हा त्यानं वही मागितली. शंभरपानी, दुरेघी. रोज झोपण्याआधी तो तीनचार ओळी लिहितो. अक्षर मोठं, वेलांट्या मनाला येतील तिकडे. दूधवाला आला. काकू आल्या, वडी दिली. मिस मार्पल बागेत गेली, डॉक्टर ओरडले. आमच्या घरचं आणि सेंट मेरी मीडचं तो एकाच ओळीत लिहितो. त्याच्या दृष्टीनं सगळे आलेलेच असतात.

परवा दुपारी मी डुलकी काढत होते आणि वळवाचा पाऊस आला. उठून बघते तर कपडे घड्या करून पलंगावर ठेवलेले. रात्री त्यानं लिहिलं आणि मला वाचायला दिलं: "पाऊस आला. ताई झोपली होती. मी कपडे काढले. चिमटे ३१. एक खाली आहे."

मी बॅटरी घेतली, त्यानं चपला घातल्या, आणि आम्ही दोघं खाली गेलो.